पेरूवाल्या मावशी

मावशींना एखादा पक्षी दाखवला की त्या त्याचं तोंड बघत नसत, चाल बघत. त्याला चार पावलं जाऊ देत आणि मग सांगत, "ही लंगडीच्या पोरीची पोर. आजीसारखाच उजवा पाय फेकते बघ." ती लंगडी मरून आठ-दहा वर्षं झालेली असत. अंगणात वीस-बावीस टर्की चरत असायच्या. मला त्या सगळ्या सारख्याच दिसायच्या. काळपट तपकिरी अंग, उघडी निळी मान, चोचीवर लोंबणारं लाल कातडं. मावशींना मात्र प्रत्येकीची आई, आजी, पणजी तोंडपाठ होती. माणसांची नावं त्या सर्रास विसरत. माझं नाव त्यांनी तीन वर्षांत एकदाही बरोबर घेतलं नाही. मी "बाय" होते, शेवटपर्यंत बाय.

टर्कीला त्या पेरू म्हणत. मी पहिल्यांदा त्यांच्या अंगणात शिरले तेव्हा आतून हाक आली, "कवाड लाव गो, पेरू भायेर जातील!" मी मुलुंडची, सोसायटीत वाढलेली. मी खाली वाकून सांडलेली फळं शोधायला लागले. मावशी इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. गोराईतल्या त्या जुन्या ख्रिस्ती घरात टर्कीचं नाव पेरूच होतं. पोर्तुगीज जाऊन जमाना झाला तरी त्यांचा शब्द या अंगणात दाणे टिपत होता. "मग फळाला काय म्हणता?" मी विचारलं. "त्याला पण पेरूच," मावशी म्हणाल्या. "झाडावर असतो तो खायचा, अंगावर येतो तो पाळायचा. त्यात घोटाळा व्हायला तू काय आंधळी हाय?"

मी तेव्हा पक्ष्यांच्या आनुवंशिकतेवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक होते. काम सांगायला भारदस्त, करायला घामाचं. बोरिवलीच्या बाजूने बोटीत बसायचं, मांडीवर बर्फाची पेटी घ्यायची, खाडी ओलांडायची आणि कुणाकुणाच्या परसातल्या टर्कीचं रक्त गोळा करायचं. कशासाठी, ते मावशींना समजावताना मलाच नीट समजलं. जगभर टर्कीच्या ज्या मोठ्या फार्म आहेत तिथले पांढरे, रुंद छातीचे पक्षी मोजक्याच घराण्यांतून आलेले. पिढ्यान्‌पिढ्या वजनासाठी निवडून निवडून ते एकमेकांसारखे होत गेले. एखाद्या पक्ष्याचा पूर्ण जनुकीय क्रम लावायला असं सारखेपण सोयीचं असतं. पण एकाचा क्रम म्हणजे सगळ्या जातीचा नव्हे. वेगळ्या रक्ताचे पक्षी त्याच्या शेजारी ठेवून ताडून बघितले, की कुठे काय बदललं, काय हरवलं ते कळतं. असं वेगळं रक्त कुठे उरलं असेल तर ते मावशींच्यासारख्या अंगणात.

माझं हे सगळं व्याख्यान त्यांनी लसूण सोलत ऐकून घेतलं. "म्हंजे सगळे भाऊभाऊच झाले," त्या म्हणाल्या. "मग एकाला ताप आला का सगळे गेले." आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना हेच सांगायला तासाभराचं लेक्चर लागत असे. मी ते मॅडमना सांगितलं नाही.

सोयरिकीच्या बाबतीत मावशी फार कडक होत्या. दर दोन-तीन वर्षांनी त्या आपला एक नर जवळच्या उत्तन किंवा मनोरी गावातल्या एखाद्या घरी देत आणि तिथला नर आणत. चांगला आठ-नऊ किलोचा पक्षी, पाय बांधून, रिक्षात मांडीवर घेऊन त्या येत. त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं पुकारतात आणि कुणाची काही हरकत आहे का विचारतात. मावशी तोच रिवाज पक्ष्यांना लावत. नवा नर आला की तो तीन रविवार वेगळा कोंडलेला असे. प्रत्येक रविवारी देवळातून आल्यावर, अजून चांगल्या साडीतच, त्या खुराड्यासमोर उभ्या राहत आणि मोठ्याने विचारत, "मनोरीचा नर आनि कानफाटीची पोर. कुनाची हरकत?" मग त्या स्वतःच आठवत राहत. कानफाटीची आजी मनोरीहून आलेल्या नराची पोर होती का? एकदा तिसऱ्या रविवारी त्यांना तसं आठवलं, आणि तो नर त्यांनी दुसऱ्या दिवशी रिक्षाने परत पोचवला. नातं जुळवताना आमच्याकडे संगणक लागायचा. मावशींना तीन रविवार पुरत.

टर्कीची पिल्लं जन्मतः बावळट असतात, हे मला त्यांच्याकडे कळलं. दाणा समोर पडलेला असला तरी तो खायचा असतो हे त्यांना सुचत नाही. मावशी जमिनीवर फतकल मारून बसत आणि नखाने ताटलीत टक टक करत. तासन्‌तास. उकडलेलं अंडं आणि कांद्याची पात बारीक चिरून त्या ताटलीत घातलेली असे. एखादं पिल्लू टक टक ऐकून चोच मारी, मग त्याचं बघून दुसरं. "आईच्या चोचीची जागा घेते मी," त्या म्हणत. "माज्या लीनाला पन असंच भरवलंय. ती आता मना जेव जेव करते." लीना म्हणजे त्यांची मुलगी. ती नवऱ्यामुलांसह दिंडोशीला राहायची आणि आईने तिकडे यावं म्हणून चार वर्षं तिच्या मागे लागली होती.

आमच्या मॅडमचे कान टवकारले ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. मावशी पावसाळ्यात पक्ष्यांना शेंगदाण्याचा चुरा घालत. दमट हवेत त्याला बुरशी धरे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलेच. त्या बुरशीचं विष टर्कीला फार लवकर मारतं. रानातल्या टर्कीला ते बरंचसं पचतं, पण पाळीव पक्ष्यांनी ती ताकद गमावली आहे. मावशी शांतपणे म्हणाल्या, "पांढरे आनले होते एकदा फार्मवाल्याकडून. ते मेले. माझे नाय मरत." मॅडम म्हणाल्या, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि लगेच म्हणाल्या, "पण रक्त आण. जितक्यांचं मिळेल तितक्यांचं."

रक्त घेण्याचा दिवस मला लख्ख आठवतो. मार्च महिना होता. मावशी एकेक पक्षी काखेत धरत, त्याच्या डोळ्यांवर पदर टाकत, आणि मी पंखाखालच्या शिरेतून चार थेंब घेई. प्रत्येकीची वंशावळ त्या सांगत आणि मी वहीत लिही. एकवीस नळ्या झाल्या. मी त्यांना आकडे घातले आणि डबा बंद करून वर इंग्रजीत प्रकल्पाचा सांकेतिक क्रमांक लिहायला लागले. मावशींनी हात धरला. "हे काय लिवते? मना वाचता येईल असं लिव." मी म्हटलं, मावशी, तिथे कोण वाचणार आहे मराठीत? त्या म्हणाल्या, "माजे पक्षी हायेत. मना वाचता आलं पायजे." त्यांचा चेहरा बघून मी तो क्रमांक खोडला आणि मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: पेरू, गोराई, जपून ठेवा. त्यांनी डोळ्यांना चष्मा लावून ते दोनदा वाचलं. वर कागद चिकटवून क्रमांक पुन्हा लिहायचा असं मी मनात ठरवलं होतं. ते राहून गेलं.

त्या दिवशी जेवताना मावशी मोकळेपणाने बोलल्या. त्यांचे गुडघे गेले होते. खुराड्यात वाकताना डोळ्यांपुढे काळोखी येत होती. गावात कुणाला पेरू पाळायचे नव्हते; एका पुतण्याने तर तोंडावर सांगितलं होतं की असला उकिरडा मी एक दिवस ठेवणार नाही. "माज्या आज्याचे पक्षी हायेत गो हे," त्या म्हणाल्या. "आज्याने त्याच्या आज्याकडून घेतलेले. मी मेले तर मेले. पन हे असे होते, दुसऱ्यांसारखे नव्हते, एवढं कुटंतरी लिवलेलं रायला पायजे. नायतर आमी काय केलं इतकी वर्षं?" त्यांना दुसरं काही नको होतं. मी त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "मावशी, राहील. मी लिहिते."

माझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी शब्द पटकन देते. डबा मी आमच्या फ्रीझरमध्ये ठेवला. लगोलग रक्तातून डीएनए काढून ठेवायला हवा होता. क्रम लावण्यासाठी आमचा नंबर पुढच्या हंगामात होता, म्हणून मी आज करू, उद्या करू करत राहिले. मे महिन्यात भावाचं लग्न होतं, त्यासाठी मी पंधरा दिवस चिपळूणला गेले. त्याच आठवड्यात आमचा फ्रीझर बिघडला. सामान सांभाळणारे सावंत अतिशय काटेकोर माणूस. त्यांनी प्रत्येक डबा वाचून, ज्याचा त्याला नेऊन दिला. आमच्या डब्यांवर क्रमांक होते, ते दुसऱ्या फ्रीझरमध्ये गेले. एका डब्यावर 'पेरू' होतं. खालच्या मजल्यावर फळझाडांचा विभाग होता. सावंतांनी तो डबा तिकडे दिला. तिथे पानं वाळवून, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, साध्या कपाटात ठेवतात. कुणीतरी तो पेरूच्या पानांच्या डब्यांशेजारी, सरळ रांगेत, नीट ठेवला. जपून ठेवा असं लिहिलंच होतं.

जुलैत माझ्या लक्षात आलं. सावंतांना विचारलं. "अहो ताई, पेरू लिहिलं होतं ना," ते म्हणाले. "मी म्हटलं, पेरूचं आपल्याकडे काय काम?" त्यात त्यांची काही चूक नव्हती. मी कपाटासमोर उभी राहून चिकटपट्टी काढली आणि वासाने मागे सरकले. तरी वेडी आशा म्हणून एकवीसही नळ्या तपासल्या. डीएनएचे तुकडे तुकडे झाले होते. क्रम लावण्याजोगं काही उरलं नव्हतं.

मॅडम रागावल्या, पण कामाची बाई. "पाऊस ओसरला की परत जा आणि परत घे," त्यांनी सांगितलं. एवढंच करायचं होतं. पक्षी जिवंत होते, मावशी जिवंत होत्या, खाडीपलीकडे बोट जात होती. पण मावशींना काय सांगायचं? तुम्ही हट्टाने लिहायला लावलेल्या शब्दानेच घात केला, असं? की माझ्या आळसाने? मी सप्टेंबर घालवला, ऑक्टोबर घालवला. मावशींचा फोन येई. "काय गो बाय, झालं का?" मी म्हणे, चाललंय मावशी. "रक्त नीट हाय ना?" हो, फ्रीझरमध्ये आहे. एकदा खोटं बोलल्यावर दुसऱ्यांदा ते सोपं जातं, आणि तिसऱ्यांदा तर आपल्यालाही खरं वाटायला लागतं.

नोव्हेंबरमध्ये एक फोन आला तो मी बसस्टॉपवर उभी असताना. आवाज वेगळा होता, जपून बोलत होत्या. "बाय, एक इचारते, खरं सांग. रक्त हाय ना तुज्याकडं?"

"हो मावशी."

"एकवीसच्या एकवीस?"

"हो."

"मंग उद्या पक्षी नसले, तरी त्यातून सगळं लिवता येल? कोन कसा होता ते?"

"हो मावशी, येईल ना," मी म्हटलं. माझी बस आली होती. "बरं," त्या म्हणाल्या, आणि मग, "देव तुजं बरं करो." त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जानेवारीत मी एकदाची निघाले. मांडीवर बर्फाची पेटी, नव्या नळ्या, आणि बोटीत बसल्यापासून तोंडात घोळवलेली माफी. फाटक उघडंच होतं. अंगणात काहीच हालचाल नव्हती. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "त्या गेल्या ना लेकीकडं, दिंडोशीला. नाताळ झाल्यावर." आणि पक्षी? "नाताळला दिले सगळे. आमच्याकडं पन एक होता." तिच्या चेहऱ्यावर चांगल्या जेवणाची आठवण होती. पिसांच्या मुळाशीसुद्धा थोडा डीएनए मिळतो, म्हणून मी खुराड्यात शिरले, गुडघ्यांवर रांगत. मावशींनी ते धुऊन, आतून चुना मारून ठेवलं होतं. एक पीस नव्हतं. मी उत्तनला गेले, मनोरीला गेले. तिथे आता फार्मवरचे पांढरे पक्षी होते. परतीच्या बोटीत मी रडले. समोरच्या माणसाने मला पाण्याची बाटली दिली.

दिंडोशीला मावशी अकराव्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. खुर्चीत बसलेल्या, पाय स्टुलावर, एकदम लहानखुऱ्या दिसणाऱ्या. मला बघून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी सांगायचं ठरवूनच गेले होते. पण बसल्या बसल्या त्याच बोलू लागल्या. "सोपं नव्हतं गो. लीना रडायची, इकडं ये म्हनायची. मी म्हनायची, माज्या मागं यांचं कोन? मग तुला फोन केला. तू हो म्हनालीस, तवा दुसऱ्या दिवशी मानूस ठरवला, नाताळला कापायला. एकेकाला मीच धरलं. डोळ्यांवर पदर टाकला, तुज्यासाठी टाकला होता तसा." त्या हसल्या. "मना काय वाटलं नाय. तुज्याकडं हायेत ना."

लीना चहा घेऊन आली, तो पिऊन मी न सांगताच निघाले. मग मी दर पंधरा दिवसांनी जात राहिले, दरवेळी सांगायचं ठरवून. दरवेळी त्या विचारत, "काय निघालं?" आणि मी काही ना काही सांगत असे. म्हणजे रचून सांगत असे. एकदा मी म्हटलं, तुमचे पक्षी सगळ्यांपेक्षा वेगळे निघाले मावशी. त्यांनी डोळे मिटले. खालच्या मजल्यावरच्या बायकांपासून पाद्रीबाबांपर्यंत त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. कदाचित ते खरंही असेल. तेच तर आता कुणाला कधीच कळणार नाही.

मे महिन्यात मावशी गेल्या. झोपेतच. दफनाला गोराईची बरीच माणसं आली होती. परतताना लीनाने मला बाजूला घेतलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "तुला कसं सांगू?" ती म्हणाली. "तू शब्द दिलास म्हणून आई आली ना आमच्याकडे. नाहीतर ती त्या खुराड्यातच कुठेतरी पडली असती, एकटी. हे पाच महिने तुझ्यामुळे मिळाले आम्हाला. मुलांना आजी मिळाली." मग तिने विचारलं, मावशींच्या पक्ष्यांचा जो कागद निघेल त्याची एक प्रत मिळेल का, फोटोखाली लावायला.

मी म्हटलं, देते. तिथे तेव्हा दुसरं काही म्हणण्याची माझी छाती झाली नाही. वंशावळीची वही माझ्याकडे आहे. तिच्यात एकवीस पक्ष्यांच्या आयांची, आज्यांची नावं आहेत, आणि त्यांतला एकही पक्षी नाही. वर्ष होत आलं, लीनाचे दोन फोन येऊन गेले. मी ते उचलले नाहीत. खरं सांगायचं होतं ते मावशींना. ते सांगायला मला तोंड नव्हतं, आणि आता इथे लिहिते आहे, तर ऐकायला त्या नाहीत.